तिसरी फासळी

शटर गुडघ्यापर्यंत वर गेलं आणि वास आला. संघपालनं ते तसंच अर्धवट धरून ठेवलं, वाकलेला, एक हात वर, आणि नाक आपोआप बाजूला वळलं. मे महिन्यातली सकाळ, रिसोडच्या बाजार समितीमागची टिनाची गोदामं साडेसातलाच तापायला लागलेली, आणि आतून आलेली हवा गोडसर, जाड, ओली. काहीतरी मेलं होतं. त्यानं शटर पूर्ण वर ढकललं तेव्हा उजेड आत शिरला आणि आधी पंखांवर पडला. भिंतीशी लाकडी घोड्यांवर आडवे ठेवलेले ॲल्युमिनियमचे दोन पंख, कोपऱ्यात शेपटी, मधोमध धडाचा नुसता सांगाडा, आणि मागच्या भिंतीवर खाकी कागदाचा तो लांबलचक तक्ता. सहा वर्षांपासून तो हे विमान बांधत होता. दोन माणसांचं, नकाशे परदेशातून विकत आणून, पत्रा बंगळुरूहून मागवून, आयटीआयमधली शीट मेटल शिकवायची नोकरी सांभाळून. गावात त्याला दोन नावं होती, तोंडावर विमानवाले सर आणि पाठीमागे विमानाचा किडा. घर बांधायच्या वयात हा माणूस भाड्याच्या गोदामात विमान बांधतो म्हटल्यावर लोकांनी नावं ठेवायची नाहीत तर करायचं काय.

आधी त्यानं सोयाबीनच्या पोत्यांना दोष दिला. गोदाम इंद्रभानचं, आणि इंद्रभान सोयाबीनचा व्यापारी. अर्ध्या भागात त्याची पोती, अर्ध्यात विमान, मध्ये तट्ट्याची आडभिंत. सोयाबीन म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर आले की एखादा मरणारच. तो पोत्यांच्या कडेनं फिरला, टेबलाखाली वाकला, रंगाच्या डब्यांमागे काठी घातली. काही नाही. मग नाइलाजानं तो वासाच्या मागे लागला आणि वास त्याला सरळ पंखांकडे घेऊन गेला. डावा पंख कोरा होता. उजव्याच्या टोकाला थोडा, पुढं सरकावं तसा जास्त. चकचकीत पत्र्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, सत्तेचाळीस वर्षांचा एक शिक्षक गुडघ्यावर बसून पत्र्याला नाक लावून सरकतो आहे, आणि त्याला त्या तोंडाची शिसारी आली. तो सरकत सरकत पंखाच्या बुडाशी पोचला, जिथं पंख धडाला जोडायचा असतो तिथं, आणि बुडापासून तिसऱ्या फासळीवर त्याचं नाक थांबलं. तिथंच होतं ते. पंधरा फूट लांबीच्या पंखात मेल्याला मरायला हीच जागा सापडली. तो ताडकन उठला आणि आधी शटरकडे बघितलं, कोणी उभं तर नाही ना म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की उंदीर मेल्याबद्दल कोणी असं चोरासारखं मागं वळून बघत नाही.

तक्त्यावर नजर गेली. या तक्त्यावर त्याचा जीव होता. आयटीआयमध्ये तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा, कणीक आधी मळायची की तवा आधी ठेवायचा, आणि पोरं हसली की म्हणायचा, हसा, पण पत्रा कामात नव्वद टक्के भंगार हे हात वाईट म्हणून निघत नाही, क्रम चुकला म्हणून निघतं. विमानाला हात लावण्याआधी दीड वर्ष त्यानं नुसता हा तक्ता केला होता. एका बाजूला काम, मधे ते सामान कधी मागवायचं, शेवटी झाल्याची खूण आणि तारीख. सगळ्या तक्त्याचं सार त्यानं वरच जाड अक्षरात लिहिलं होतं: उशिरा येणारं आधी मागवा, शिळं होणारं शेवटी. स्पार म्हणजे पंखाचा कणा, सगळा भार त्याच्यावर. तो बाहेरून यायला पाच महिने लागतात, म्हणून पहिला हातोडा पडण्याआधीच त्याची ऑर्डर गेलेली. पेट्रोलच्या टाकीला आतून लावायचा मसाला मात्र सहा महिन्यांत मरतो. तो टाक्या तयार झाल्यावरच. रबरी नळ्या, बॅटरी त्याच्याही नंतर. आणि इंजिन सगळ्यात शेवटी, दोन्ही पंख बंद झाल्यावर, कारण न चालवता ठेवलेलं इंजिन इथल्या एका पावसाळ्यात आतून गंजतं. हे सगळं सर्वांत आधी समजलं ते त्याच्या बायकोला. सरिता उपकेंद्रावर नर्स होती, लसी सांभाळायची. तक्ता पाहून ती हसली होती. "हे तं आमच्यासारखंच हाये," म्हणाली होती, "फक्त फ्रीज नाही." तिच्या कामात कुपी उघडली की त्याच क्षणी तिच्यावर तारीख, वेळ आणि सहीचं अक्षर टाकायचं असतं, घरी लोणच्याची बरणी उघडली तरी तिचा हात मार्करकडे जायचा.

तक्त्यात एकशे बाराव्या ओळीवर लिहिलं होतं: पत्रा बंद करण्याआधी दुसऱ्याचे डोळे. दुसरे डोळे म्हणजे भागवत. वाशीमच्या एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर, बोलायला कडू आणि नजरेनं सुईसारखा. प्रत्येक वेळी पत्रा बंद करण्याआधी तो बसनं यायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, बॅटरी तोंडात धरून पंखात मुंडकं घालायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, झाकल्यावर समदंच चांगलं दिसते सर, आधी दाखवा. डाव्या पंखाच्या वेळी तो आला होता. उजव्याच्या वेळी तो पुण्याला मुलीकडे होता, वीस एप्रिलला परतणार होता. एकशे बाराव्या ओळीपुढं तरीही खूण होती. तेरा एप्रिल. संघपालच्याच हातची, नीट, कोपरा दाबून केलेली खूण. महिनाभर तो रोज या तक्त्यासमोर उभा राहत होता आणि रोज त्याची नजर एकशे अकरावरून एकशे तेरावर उडी मारत होती. एकशे तेरा म्हणजे इंजिन. इंजिनवाल्यांचं पत्र आलं होतं की तुमची पाळी लागली आहे, शनिवारपर्यंत होकार कळवा, नाही तर नाव पुन्हा रांगेच्या शेपटाला. आज गुरुवार. होकाराचा मेल लिहून तयार होता, नुसतं बोट लावायचं होतं. त्याच फोनमध्ये महिन्यापूर्वी अर्धा लिहून ठेवलेला दुसराही एक मेल होता, नकाशे बनवणाऱ्याला. 'माझ्याकडून स्पारमध्ये एक भोक' इथपर्यंत लिहून थांबलेला.

तेरा एप्रिल आठवलं की त्याला आधी निळं सॅटिन आठवायचं. दुसऱ्या दिवशी जयंतीची मिरवणूक होती आणि उत्सव समितीच्या लोकांनी ठरवलं होतं की यंदा विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर निघणार. आधी त्यानं नाही म्हटलं होतं. अर्धवट काम कोणी मिरवत नाही, पुढच्या वर्षी, म्हणाला होता. मग समितीनं त्याच्या वडिलांना पुढं घातलं. देवमन, वय पंच्याहत्तर, पाठीत वाकलेले, बोलायला अजून खणखणीत. ते गोदामात आले, उजव्या पंखाच्या उघड्या पोटाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लोकाईले पंख दिसला पायजे बाप्पा. तू तं फासया दाखवून राह्यला. मेलेल्या ढोरावानी दिसते." मग हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी मी असीन नसीन." या वाक्यापुढं कोणाचा क्रम टिकतो. तीन दिवसांत पंख बंद करायचा म्हणून त्यानं एक दुपार वाचवली. भोकं नेहमी कण्याकडून पत्र्याकडे पाडायची, म्हणजे कण्याचं माप शाबूत राहतं. त्यानं पत्रा वर ठेवून वरून पाडली. स्वतः शंभर पोरांना ज्याच्यासाठी शिक्षा म्हणून उभं केलं असेल तेच. तिसऱ्या फासळीवर ड्रिल खाली गेलं आणि हाताला कळलं. पत्रा उचलून पाहिलं तर स्पारमधलं भोक कडेला गेलं होतं. भोकाच्या दुपटीइतकी जागा कडेला राहायला हवी. व्हर्नियर लावून मोजली तर निम्मीच होती. बुडाजवळची तिसरी फासळी, जिथं पंखावर सगळ्यात जास्त जोर येतो. याला उपाय दोनच होते, नकाशेवाल्याला कळवून तो म्हणेल ते करणं, किंवा नवा स्पार. दोन्हींत मिरवणूक बसत नव्हती. रिव्हेट म्हणजे पत्रा जोडायची छोटी खिळ, ती मारायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून ठोकणारा आणि एक आतून लोखंडी ठोकळा धरणारा, आणि सरिताचा हात बारीक म्हणून आतून नेहमी ती. तिनं आत हात घातला, बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "हे भोक कडेले आलं ना?" तो म्हणाला, "चालते." "तुमीच म्हणता ना, चालते म्हटलं की चालत नाही," म्हणाली. तेवढ्यात बाहेर ट्रॉली आल्याचा आवाज झाला म्हणून तो ती कशी लावायची ते सांगायला गेला, समितीच्या लोकांबरोबर चहा घेतला, वीसेक मिनिटांनी परत आला तर ती ठोकळा धरून तयार बसली होती. "मारा," म्हणाली. त्यानं मारले. शेवटच्या रिव्हेटला तिनं आतून ठोकळा दाबून धरला होता तो इतका घट्ट, की रिव्हेट एकदम सुंदर बसला.

मिरवणुकीत लोकांनी पंखांना हार घातले. धडाचा सांगाडा निळ्या सॅटिननं झाकला होता, त्याच्या चिंध्या वाऱ्यानं सुटून पंखांच्या उघड्या टोकांत शिरत होत्या, निळीचे फवारे पत्र्यावर बसत होते. चौकात फ्लेक्स होता आणि फ्लेक्सवर तो हात जोडून उभा, मागे ढग. बाया ओट्यांवरून बोट दाखवून पोरांना सांगत होत्या, आपल्या माणसानं केलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच त्याला उबळ येत होती. खोट्या कौतुकाची किळस पचवता येते, त्याची सवय असते. ज्या पंखाकडे बघून म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून येत होते त्या पंखात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. आणि ट्रॉलीवर, बरोबर उजव्या पंखाच्या बुडाशी, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर निळा फेटा बांधून वडील बसले होते. ते हात हलवत होते. साधा हात नव्हता तो. कोपर अंगाशी, पंजा उघडा, दोनदा आणि थांबून एकदा. संघपालला तो हात लहानपणापासून माहीत होता.

तो हात एका वैमानिकाचा होता. पंचावन्न वर्षांपूर्वी कामरगावच्या शिवारात मालकाच्या कपाशीवर विमानानं औषध फवारलं होतं, तेव्हा विमानाला ओळ समजावी म्हणून शेताच्या टोकाला पांढरी झेंडी घेऊन माणूस उभा करायचे. तो माणूस देवमन. विमान झेंडीवर रोख धरून यायचं, डोक्यावरून जायचं, आणि देवमन दहा पावलं सरकून पुन्हा झेंडी उभी करायचा. औषध अंगावर पडायचं. डोळे चुरचुरायचे, रात्री अंग खाजायचं. घरात ही गोष्ट शेकडो वेळा झाली होती आणि दर वेळी तिचा शेवट एकच, "पायलटनं मले हात केला व्हता. मलेच. दुसऱ्या कोणाले नाही." लहान संघपालनं एकदा विचारलं होतं की गावात एवढी माणसं होती तर झेंडी घ्यायला तुम्हीच काहून. "माही चाल सरळ व्हती म्हणून," वडील म्हणाले होते, आणि अभिमानानं म्हणाले होते. मोठा झाल्यावर त्याला खरं उत्तर कळलं, ते कळायला फार हुशारी लागत नाही. ती झेंडी अजून घरात पत्र्याच्या पेटीत होती. लहानपणी त्यानं ती एकदा नाकाला लावली होती, गोडसर, जाड वास, आणि दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं. त्या वासातून विमान निघालं होतं. लोकांना तो सांगायचा की लहानपणी आकाशात विमान पाहिलं आणि ध्यास घेतला. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं होतं. खरं म्हणजे त्याला त्या वैमानिकाची किळस आली होती, आणि वडिलांच्या त्या हात हलवण्याचीही, आणि त्यानं ठरवलं होतं की एक दिवस आपण वर बसायचं, आणि आपल्या विमानाखाली कोणी असं उभं राहायचं नाही.

त्यानं टेबलावरची लांब तार घेतली, टोक वाकवलं आणि पंखाच्या उघड्या टोकातून आत सोडली. फासळ्यांना वजन कमी करायला मोठी भोकं ठेवलेली असतात, उंदराला तो राजमार्गच. तार एकेक फासळी ओलांडत गेली आणि बुडाजवळ कशात तरी मऊ रुतली. त्यानं ओढली. बाहेर आला तो निळ्या सॅटिनच्या धाग्यांचा गुंता, त्याला चिकटलेले करडे केस आणि काहीतरी ओलं. तार हातातून सुटली. त्यानं हात पॅन्टला पुसला, मग पॅन्टकडे पाहिलं, मग नळावर जाऊन साबणानं कोपरापर्यंत धुतला, आणि परत आला तेव्हा तट्ट्याशी इंद्रभान उभा होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात गमछा, गमछ्याचं टोक नाकाला.

"सर, मेलं वाटते काही."

"हो. पंखात गेलं उंदीर."

"मंग मीठ टाका ना वरून. मिठानं सुकून जाते. आठ रोजात वास खतम."

"मिठानं हा पत्रा खाल्ल्या जाते, भाऊ."

"मंग कापूर टाका. नाही तं राहू द्या तसंच." इंद्रभाननं गमछा खाली घेतला आणि पंखावर पसंतीनं थाप मारली. "समदीकून बंद हाये. आत काय हाये, कोणाले दिसते? झाकली मूठ सव्वा लाखाची. देवमन कसा हाये? मिरवणुकीत राजावानी बसला व्हता गडी."

संघपालला तो सर म्हणायचा आणि पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला देवमन. तेही रोजचंच होतं. आज संघपालला त्याहून दुसरंच काही लागलं. इंद्रभान जे बोलला ते शब्दाशब्दाला त्याचंच होतं. गेला महिनाभर मनातल्या मनात तो स्वतःशी हेच बोलत होता, फक्त चांगल्या भाषेत. स्पार मुळात दुपटीनं मजबूत करतात. एका भोकानं काय होतं. मोठमोठ्या कारखान्यांतही असं होत असेल. वास मारणाऱ्या गोदामात उभा राहून सोयाबीनचा व्यापारी तेच सांगत होता आणि ते किती ओंगळ दिसत होतं. पण इंद्रभान गेल्यावर त्याला तिसरीच गोष्ट सुचली आणि तिनं तो हुरळून गेला. उंदराचं मूत. मिठापेक्षा वाईट, ॲल्युमिनियम महिन्याभरात पोखरतं. हे भागवतही मान्य करील, जगातला कोणीही मान्य करील. म्हणजे पंख उघडावाच लागणार. आणि उघडला की भोक सापडणार. अरे, हे काय, उंदीर काढताना बघा काय दिसलं, बरं झालं उघडला. नकाशेवाल्याला मेल जाईल, इंजिनची पाळी जाईल, नवा स्पार येईल, वर्ष जाईल, वडिलांना सांगता येईल की उंदरानं घोळ केला. आणि कोणालाही काहीही कबूल करावं लागणार नाही. मेलेल्या उंदराचे उपकार आठवून त्याला खरोखर हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीही दुसऱ्या क्षणी घाण वाटली, पण तोवर त्यानं फोन लावला होता.

"सरिता, उजवा पंख उघडावा लागते. उंदीर मेला आत."

पलीकडे लसीकरणाचा गलका होता, कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

"उंदरापायी उघडता?" तिनं विचारलं.

"मंग. त्याच्या मुतानं पत्रा खराब होते."

"बरं," ती म्हणाली. "उघडा. मी तीन वाजता येतो."

आयटीआयला रजा कळवून तो कामाला लागला. मारलेला रिव्हेट काढणं हे मारण्यापेक्षा नाजूक काम. डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल टेकवायचं, डोकं सुटेपर्यंतच घ्यायचं, जरा जास्त गेलं की भोक वाढलं. बारा वाजले, टिन कडकडायला लागलं, वासानं तोंडात चव धरली. पाणी प्यालं तरी तीच चव. त्यानं रुमाल बांधला, मग रुमालालाच वास लागला म्हणून काढून फेकला. एकेक डोकं सुटून फरशीवर पडत होतं आणि त्याला एकेक गोष्ट आठवत होती, हार घालताना कोणीतरी पत्र्यावर टेकवलेलं कपाळ, फ्लेक्सवरचं स्वतःचं ते दात दाखवणं, इंजिनवाल्यांना लिहिलेल्या मेलमधला 'दोन्ही पंख पूर्ण व तपासलेले' हा शब्दप्रयोग. 'तपासलेले' त्यानं स्वतःहून घातलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. आणि सीट आठवली. विमानात दोनच जागा, डावी चालवणाऱ्याची, उजवी दुसऱ्याची. पहिल्या वर्षीच त्यानं विचारलं होतं की आधी कोण, बाबा की तू, आणि सरिता म्हणाली होती, "मी. पयलं मी बसीन, मंग बाबाईले बसवा. काही झालं तं म्हातारा माणूस कायले." थट्टेत म्हणाली होती, पण तेव्हापासून ते तसंच ठरलं होतं. उजवी जागा सरिताची. हा पंख तिच्या बाजूचा. हे गेल्या महिन्याभरात त्याला एकदाही सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं की तो तक्त्यावर एकशे तेरा बघायचा.

दोनच्या सुमारास पत्र्याची कड मोकळी झाली. त्यानं श्वास धरून ती वर उचलली आणि खाली लाकडाचा तुकडा सारला. उंदीर तिसऱ्या फासळीच्या कोनात होता, निळ्या चिंध्यांच्या घरट्यात कुशीवर, पोट फुटलेलं, दात उघडे, आणि त्या पोटात काहीतरी पांढरं हलत होतं. संघपालला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. त्यानं ते सरळ पाहिलं. बघवत नाही म्हणावं असं त्यात काही नव्हतं, मेलेलं जनावर होतं, सडत होतं, जे करायला हवं ते करत होतं. मग त्यानं बॅटरी लावली आणि उजेड त्या भोकाकडे वळवला, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्याकडे. ठरवल्याप्रमाणे तो आता आश्चर्यचकित होणार होता.

भोकाभोवती लाल मार्करनं गोल काढलेला होता. नीट, सावकाश काढलेला, दोन्ही टोकं जुळलेली. त्याच्या बाजूला स्पारच्या आतल्या अंगावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: १३/४, सायं. ५.४०, स.

तो घोड्याच्या आधारानं खाली बसला. पेन्सिल वापरू नको हं, पेन्सिलीनं ॲल्युमिनियम खराब होतं, मार्करच घे, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. तिनं मार्करच घेतला होता. बाहेर तो समितीबरोबर चहा पीत होता तेव्हा.

ती तीनला आली. नाकाला पदर न लावता आत आली, पिशवी ठेवली, पिशवीतून हातमोजे काढून घातले, उंदीर घरट्यासकट उचलला आणि जुन्या पेपरात गुंडाळला. "येवढासा तं हाये," म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो कुठं बघतो आहे तेही.

"सांगतलं काहून नाही मले?" संघपालनं विचारलं.

"सांगतलं व्हतं. तुमी चालते म्हणाले."

"नंतर. महिना झाला."

"नंतर काय सांगाचं? तुमाले माहीतच व्हतं." ती पेपराची पुडी बांधत होती. "म्हटलं, कधी उघडसान तं दिसन. आपल्या मनानं उघडसान असं वाटलं व्हतं."

"अन् उघडलंच नसतं तं?"

तिनं एक मोजा उलटा करून काढला, मग दुसरा. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मंग काय. बसली असती."

"माहीत असून?"

"तुमाले माहीत असून तुमी मले बसवलं असतं," सरिता म्हणाली, "तं मले बसाले काय झालं व्हतं?"

संघपाल उठला. शटरबाहेर उन्हात जाऊन त्यानं भिंतीला हात टेकला आणि सकाळपासून पोटात असलेलं सगळं तिथं ओकला. उंदरानं जे झालं नव्हतं ते आता झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्यातही त्याला वडिलांचा हात दिसत होता, कोपर अंगाशी, पंजा उघडा, दोनदा आणि थांबून एकदा. पायलटनं मले हात केला व्हता. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यानं शेकडो वेळा ऐकली होती आणि तिचा अर्थ त्याला आज कळत होता. हात केला, म्हणजे त्या वैमानिकाला खाली माणूस दिसला होता. दिसला होता, आणि मग त्यानं औषध सोडलं होतं.

तो आत आला तेव्हा सरितानं मार्करचं टोपण काढून ठेवलं होतं. "वेळ टाका," ती म्हणाली. "उघडल्याची. अन् सही." त्यानं गोलाच्या खाली तारीख घातली, दोन वाजून दहा मिनिटं लिहिली, तिच्या अक्षराशेजारी आपलं अक्षर काढलं. मग मागच्या भिंतीपाशी जाऊन एकशे बाराव्या ओळीवरची खूण खोडली.